नाण्यावर चालणारी मोटार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. माणसे फावल्या वेळात काय करीत होती, हा प्रश्न इतिहासाच्या पेपरात सहसा विचारला जात नाही. पण असं पाहा, सावंतवाडीच्या गंजिफा, सोंगट्या आणि बुद्धिबळ वगळून जुन्या मराठी घराचे चित्र काढावयाचे म्हटले, तर ते पुरे होईल काय? खेळावरून माणसाची हौस कळते, आणि हौशीवरून त्याचा काळ कळतो. आपल्या काळच्या खेळांनाही हाच नियम लावावयास हरकत नाही.

आज मी आपल्यापुढे एका यंत्राची हकिगत मांडणार आहे. यंत्राचे नाव ‘आउट रन’. जपानातील सेगा या कंपनीने ते १९८६ साली खेळघरांत आणले. नाणे टाकावे, आसनावर बसावे, समोरचे चाक हाती घ्यावे आणि पडद्यावरची तांबडी मोटार हाकावी, एवढाच त्याचा मामला. एक डाव शेवटपर्यंत नेला तरी पाचसहा मिनिटांत संपतो. असे असूनही त्या पाचसहा मिनिटांची आठवण काढून हळवी होणारी प्रौढ माणसे आज जगभर आहेत. मराठीत अशा आठवणींच्या लळ्याला स्मरणरंजन असा एक नेमका शब्द आहे. हे स्मरणरंजन नेमके कशाचे, आणि त्यातले टिकण्यासारखे काय, याचा विचार आपण करू.

आधी थोडी वंशावळ सांगतो. चाक धरून खोटी मोटार हाकण्याचा खेळ संगणकाच्याही आधीचा आहे. १९६०-७० च्या दशकात जपानात आणि अमेरिकेत दिवे, आरसे, फिरत्या तबकड्या आणि विजेची मोटर यांच्या साहाय्याने रस्त्याचा भास निर्माण करणारी यंत्रे जत्रांतून व करमणुकीच्या ठिकाणी मांडलेली असत. मग १९७४ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ग्रॅन ट्रॅक १०’ हे यंत्र काढले. त्यात चाक, गिअर आणि पायाखालचे पट्टे असा सगळा सरंजाम होता. मात्र रस्ता दिसे तो आकाशातून पाहिल्यासारखा. त्याच वर्षी जपानात तायतो कंपनीचा ‘स्पीड रेस’ आला. तो तोमोहिरो निशिकादो यांनी रचला होता. पुढे १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचणारे ते हेच. १९७६ च्या ‘नाइट ड्रायव्हर’मध्ये रस्ता चालकाच्या डोळ्यांनी दिसू लागला. पण यंत्राची ताकद इतकी तुटपुंजी, की काळ्या पडद्यावर रस्त्याच्या कडेचे पांढरे खुंट तेवढे दिसत. म्हणून खेळाला रात्रीचे नाव दिले! अंधार म्हटले की काही दाखवावयास नको. स्वतःची मोटार म्हणजे पडद्यावर चिकटवलेले एक चित्रच होते.

यानंतरचा मोठा टप्पा १९८२ चा. नामको कंपनीच्या ‘पोल पोझिशन’ने जपानातील फुजी येथील खराखुरा शर्यतीचा मार्ग पडद्यावर आणला. आधी पात्रता सिद्ध करणारी एक फेरी, मग खरी शर्यत, असा त्याचा क्रम होता. आता या सगळ्या वंशावळीत एक गोष्ट ध्यानात धरा. हे खेळ बहुतेक शर्यतीचे होते. दुसऱ्याला मागे टाकावयाचे, नंबर मिळवायचा, आणि फिरून त्याच वाटेवर यायचे.

‘आउट रन’ने ही वाट सोडली. त्याचे रचनाकार यू सुझुकी. यांचा जन्म १९५८ चा, जपानच्या इवाते प्रांतातला. १९८३ साली ते सेगात लागले आणि दोनच वर्षांत त्यांनी ‘हँग-ऑन’ हा मोटारसायकलचा खेळ बाहेर काढला. त्यात खेळणाऱ्याने खरोखरीच्या आकाराच्या मोटारसायकलवर मांड टाकून बसायचे आणि वळणावर सर्व अंग झुकवायचे. हाताच्या बोटांपुरता असलेला खेळ अशा रीतीने साऱ्या शरीरात शिरला. पुढच्या खेळासाठी सुझुकी यांच्या मनात ‘द कॅननबॉल रन’ हा १९८१ चा चित्रपट होता. त्यात अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मोटारींची धमाल दौड आहे. तेव्हा पहिला बेत अमेरिकेचा होता. तो बदलून युरोपचा ठरला. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे भाड्याची मोटार घेऊन सुझुकी निघाले आणि आल्प्सचे घाट, फ्रान्सचा दक्षिण किनारा असे करीत इटलीपर्यंत गेले. पाहिलेले टिपून घेत गेले. खेळ रचणाऱ्याने आधी प्रवासी व्हावे, ही गोष्ट तेव्हा नवीन होती.

वाटेत मोनॅको येथे त्यांच्या नजरेस फेरारी टेस्टारोसा ही मोटार पडली आणि खेळातली मोटार कोणती असावी हा प्रश्न तिथेच सुटला. टेस्टारोसा १९८४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात प्रथम दाखवली गेली होती. खेळातल्या मोटारीला मात्र टप नाही. चालक आणि त्याच्या शेजारी बसलेली सोनेरी केसांची सखी या दोघांच्या पाठी आपल्याला दिसल्या पाहिजेत, वाऱ्यावर उडणारे केस दिसले पाहिजेत, म्हणून छप्पर काढून टाकले. गंमत अशी की कारखान्याने बिनटपाची टेस्टारोसा अधिकृतपणे एकच केली, तीही १९८६ सालीच, फियाटचे प्रमुख जान्नी आन्येल्ली यांच्यासाठी. म्हणजे जी मोटार प्रत्यक्षात एकाच धनाढ्याच्या दाराशी उभी होती, ती नाणे टाकणाऱ्या कोणाही पोराच्या हाती आली.

हे झाले मोटारीचे. आता रस्त्याकडे वळू. हा रस्ता मुळात नाहीच, तो दृष्टिभ्रम आहे. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना लांबचे झाड लहान दिसते आणि जवळ येता येता मोठे होऊन झपकन मागे जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. यंत्र नेमके तेवढेच करते. त्याच्यापाशी माडाच्या झाडाचे एक सपाट चित्र असते. ते आधी ठिपक्याएवढे काढायचे, मग क्षणाक्षणाला थोडे थोडे मोठे करीत पडद्याच्या कडेपर्यंत आणायचे. माड, फलक, खडक, समोरच्या मालमोटारी, सगळ्यांना हाच न्याय. रस्ता काढावयाची पद्धतही अशीच साधी. तो आडव्या रेघांचा बनलेला असतो. त्या रेघा कमीजास्त प्रमाणात डावीउजवीकडे सरकवल्या की डोळ्याला वळण दिसते. हा हिशेब सेकंदाला कितीतरी वेळा करावयाचा, म्हणून त्यात मोटोरोला ६८००० जातीचे दोन प्रक्रियक बसवले होते, आणि ध्वनीसाठी तिसरा निराळा. रस्ते काढण्याची सोयही दुहेरी होती. एकावर एक असे दोन रस्ते काढून ते हळूहळू बाजूला केले, की समोर फाटा फुटल्यासारखा दिसे.

हा फाटा म्हणजे खेळाचा खरा जीव. सुरुवात समुद्रकिनारी, माडांच्या रांगांमधून होते. टप्पा संपता संपता रस्ता दुभंगतो. डावीकडे जावे तर तुलनेने सोपी वाट, उजवीकडे जावे तर अवघड. असे चार वेळा होते. पहिल्या टप्प्यात एक जागा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार आणि पाचव्यात पाच, अशी एकूण पंधरा दृश्ये यंत्रात आहेत. एका डावात त्यांतली फक्त पाच दिसतात. दर फाट्याला दोन पर्याय धरले तर सोळा निरनिराळे मार्ग होतात. कुठे वाळवंट, कुठे गव्हाची शेते, कुठे द्राक्षांचे मळे, कुठे जुनी राजधानी. मोटार न थांबता डोळ्यांदेखत आकाशाचा रंग पालटतो आणि नवा मुलूख लागतो. शेवटाला पोचल्यावर कुठे सन्मान होतो, तर एका शेवटी मोटारच खिळखिळी होऊन तिचे भाग सुटून पडतात. प्रतिस्पर्धी असा कोणी नाही. रस्त्यावरच्या इतर मोटारी आपापल्या कामाला निघालेल्या. त्यांना हरवायचे नसते, चुकवायचे असते.

आकाशवाणीच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. डाव सुरू होण्याआधी पडद्यावर मोटारीतला रेडिओ दिसतो. चाक फिरवले की रेडिओवरचा हात हलतो आणि आपण तीन सुरावटींपैकी एक निवडतो: ‘मॅजिकल साउंड शॉवर’, ‘पासिंग ब्रीझ’ किंवा ‘स्प्लॅश वेव्ह’. हिरोशी कावागुची यांनी त्या रचल्या. गाडी निघण्यापूर्वी गाणे ठरवावयाचे, हा विचारच किती माणसासारखा आहे, नाही का? लांबच्या प्रवासात काटा फिरवून स्टेशन लावणाऱ्या कोणालाही तो पटेल. घरगुती संगणकांना ही सुरावट धड वाजवता येत नसे. म्हणून ब्रिटनमध्ये या खेळाची घरगुती आवृत्ती विकणाऱ्या यू. एस. गोल्ड कंपनीने सोबत मूळ संगीताची कॅसेट दिली. खेळ संगणकावर चालवावा आणि गाणे टेपरेकॉर्डरवर! १९८७ साली त्या देशात ‘आउट रन’ला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा गोल्डन जॉयस्टिक पुरस्कार मिळाला.

इतके सगळे मोकळेपण वर्णन केल्यावर आता घड्याळाकडे पाहिले पाहिजे. पडद्याच्या वरच्या बाजूस सेकंद उलटे मोजले जात असतात. पुढची चौकी वेळेत गाठली तर थोडी मुदत वाढते. नाहीतर मोटार हळूहळू थांबते आणि डाव संपतो. ताशी २९३ किलोमीटरचा वेग गाठलेल्या माणसाला देखावा निवांत पाहण्याची सवड नसते. याचे कारण उघड आहे. मागे दुसरा गिऱ्हाईक नाणे घेऊन उभा आहे, आणि खेळघरवाल्याचे भाडे त्या नाण्यांतून निघायचे आहे. कोणी एकाच नाण्यावर तासभर समुद्रकाठी हिंडत बसला, तर धंदा बुडेल. म्हणून रस्ता अमर्याद वाटावा आणि वेळ मात्र मोजून मिळावा, अशी ही योजना. स्मरणरंजनात आपल्याला समुद्र आठवतो. घड्याळाची टिकटिक सहसा आठवत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही लिहिली पाहिजेत.

आणखी एक प्रश्न विचारू. टोकियोतल्या तरुणाला युरोपच्या किनाऱ्याचे एवढे वेड का लागावे? सालांकडे पाहा. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी करार केला आणि जपानी येन झपाट्याने महागला. येन महागला म्हणजे जपानी माणसाला परदेश स्वस्त झाला. १९९० पर्यंत वर्षाला एक कोटीहून अधिक जपानी प्रवासी परदेशी जाऊ लागले. ‘आउट रन’ या लाटेच्या अगदी तोंडाशी आला. बहुतेकांनी अजून तो किनारा पाहिलेला नव्हता. पाहण्याची आस मात्र लागली होती. दुसऱ्या बाजूला, फेब्रुवारी १९८५ पासून जपानात सुधारित कायदा लागू होऊन खेळघरांना परवाना घेणे आणि मध्यरात्री दारे बंद करणे भाग पडले. म्हणजे एका अंगाला सरकारला ही जागा संशयास्पद वाटत होती, आणि दुसऱ्या अंगाला तिथेच बसून पोरे दूरदेशी जात होती.

हा संशय आपल्याकडेही होता. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबई-पुण्यात आणि मग तालुक्याच्या गावांतही व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली. माझ्या शाळकरी वयात अशा दुकानाला बहुधा पडदा लावलेला असे, आत टोकन मिळे, आणि पडद्याआड गेलेल्या मुलाच्या घरी संध्याकाळी झडती होई. हलणाऱ्या आसनाचे भारी यंत्र आमच्यापैकी थोड्यांच्याच वाट्याला आले. बाकीच्यांच्या घरी पुढे दूरचित्रवाणीला जोडायचा स्वस्त संच आला आणि त्यात कोनामी कंपनीचा ‘रोड फायटर’ आला. तोही तांबड्या मोटारीचाच खेळ. पण रस्ता वरून पाहिलेला, आणि इंधन संपले की डाव संपला. आज चाळिशीतल्या मराठी माणसाला मोटारीचा जुना खेळ कोणता असे विचारा. तो बहुधा हेच नाव घेईल. किंवा नाव ठाऊक नसेल आणि ‘तो गाड्यांचा गेम’ एवढेच म्हणेल. त्या आठवणीत युरोपचा किनारा नाही. शेजारच्याच्या घरी चटईवर बसलेली चारपाच पोरे आणि ‘आता माझी पाळी’ ही ओरड आहे.

मग माणसे हळहळतात ती कशासाठी? हा प्रश्न आणखी अवघड करणारी एक घटना आहे. एकविसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत यंत्रसंगीताचा एक प्रकार निघाला, त्याला ‘आउटरन’ असेच नाव पडले. फ्रान्समधील काव्हिन्स्की या संगीतकाराच्या २०१३ च्या संग्रहाचे नावही तेच. हे संगीत ऐकणाऱ्यांत १९८६ साली जन्मलेही नव्हते असे कितीतरी तरुण आहेत. जे आपण जगलो नाही त्याचे स्मरण कसे असेल? मला वाटते, उत्तर खेळाच्या पोटातच आहे. तो जन्मला तेव्हाही न पाहिलेल्या मुलखाची ओढच दाखवीत होता. ती ओढ पुढच्या पिढीने जशीच्या तशी उचलली. फक्त दूरचा मुलूख होता तिथे दूरचा काळ आला.

आता यंत्राचे पुढे काय झाले ते सांगून विषय आवरता घेतो. सपाट चित्रे मोठी करीत जाण्याची युक्ती फार काळ टिकली नाही. खुद्द सुझुकी यांनीच १९९२ च्या ‘व्हर्चुआ रेसिंग’मध्ये बहुकोनी आकृतींनी खरी खोली असलेला रस्ता उभा केला. घरचे संच जसजसे बलवान झाले, तसतसे खेळघरात जाण्याचे कारण उरले नाही. जपानी पोलिसांच्या नोंदींप्रमाणे १९८६ साली तिथे अशी सुमारे सव्वीस हजार खेळघरे होती. २०१९ साली ती चार हजारांच्या घरात आली. २०२० च्या साथीत धंदा आणखी खचला. सेगाने त्याच वर्षी आपल्या खेळघरांचा बहुतांश हिस्सा जेंडा या कंपनीस विकला, आणि जानेवारी २०२२ मध्ये उरलेला हिस्साही दिला. ज्या कंपनीने ही यंत्रे घडवली, तिच्या नावाची पाटीच जपानी खेळघरांवरून उतरली.

खेळ सर्वस्वी नष्ट झाला असे मात्र नाही. त्याची आज्ञावली जतन झाली आहे. २०१४ साली जपानात एम-टू या संस्थेने हातात धरायच्या संचासाठी तिची फार निगुतीने नवी आवृत्ती काढली. पण तिथेही एक मेख आहे. मूळ खेळ काढताना फेरारी कंपनीचा परवाना घेतलेला नव्हता. त्यामुळे पुढच्या आवृत्त्यांत मोटारीचा आकार बदलावा लागला. २००३ चा ‘आउट रन २’ रीतसर परवाना घेऊन निघाला; परंतु २००९ साली जाळ्यावरून विकलेली त्याच मालिकेतील आवृत्ती पुढे विक्रीतून काढून घ्यावी लागली. पोथी शिल्लक असून वाचावयास मिळत नाही, अशी गत झाली.

आणि आज्ञावली जपली तरी यंत्र जपले असे होत नाही. हलणारे आसन, धक्का बसला की थरथरणारे चाक, काचेच्या नळीचा जाडजूड पडदा, या वस्तू लोखंडाच्या आणि काचेच्या आहेत. मोठ्या कारखान्यांनी तसले पडदे करणे केव्हाच सोडून दिले. मोटर जळली तर जुन्या यंत्राचा भाग काढून नव्याला, म्हणजे दुसऱ्या जुन्याला, बसवावा लागतो. शंभर वर्षांनी एखाद्याला ‘आउट रन’ची चित्रे पाहता येतील, सुरावट ऐकता येईल, वळणावर आसन कलताना पोटात कसा खड्डा पडे, ते कोणी लिहून ठेवले असेल तरच कळेल.

म्हणूनच मी वर्गात विद्यार्थ्यांना सांगतो, स्मरणरंजनाची टिंगल करू नका आणि त्याच्या आहारीही जाऊ नका. तो एक साक्षीदार आहे. साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते. समुद्र सांगितलास, आता घड्याळाचे सांग. जिंकलेला डाव सांगितलास, आता नाणी कुठून आणलीस ते सांग. दुकानात मुली येत होत्या का? मालक कोण होता? एका टोकनला किती पैसे पडत? ही उत्तरे कोणत्याही दप्तरात नाहीत. जपानातल्या खेळघरांची निदान नोंद तरी झाली. आपल्या गावोगावच्या पडदा लावलेल्या दुकानांचे बहुधा एक छायाचित्रही शिल्लक नसेल. ती ज्यांच्या आठवणीत आहेत ती माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि आठवण ही वस्तूही झिजतेच.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणी अशा चाकामागे बसले असेल, तर एवढे करा. एक वही घ्या. दुकान कोणत्या आळीत होते, साल कोणते, सोबत कोण होते, घरी काय सांगून जात होता, हे सगळे चार पानांत लिहून काढा. भाषा साधी असली तरी चालेल. फक्त खाली तारीख घालायला विसरू नका.